पिस्तुलाला दोन हात: १९९८ साली काकांनी रिव्हॉल्व्हरच का घेतले असावे?

लष्करचा पुतण्या

नमस्कार. माझे धाकटे काका ग्वाल्हेरला दौलतगंजातल्या एका घाऊक कापडाच्या पेढीवर पस्तीस वर्षे रोखपाल होते. गेल्या वर्षी ते वारले. त्यांचे कागद लावताना शस्त्रपरवान्याची एक वेगळी फाइल हाती आली. त्यांचे रिव्हॉल्व्हर आम्ही रीतसर बंदुकीच्या दुकानात जमा केलेले आहे, त्यामुळे त्याबद्दल माझा प्रश्न नाही. घरातील पुढच्या पिढीसाठी मी काकांविषयी थोडे लिहून ठेवत आहे आणि या फाइलमधील एका कागदापाशी अडलो आहे.

तो कागद म्हणजे १९९८ च्या मे महिन्याचे दिनदर्शिकेचे पान आहे. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी रोजकीर्दीला आखतात तशा तीन उभ्या रकान्यांच्या रेघा आखल्या आहेत. रकान्यांची डोकी अशी आहेत: "वेब्ली-स्कॉट पिस्तूल, जुने", "कानपूर रिव्हॉल्व्हर, नवे" आणि "२५ बोअर, अगदी लहान" (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचे माप). खाली मात्र एवढीच वाक्ये आहेत: "पिस्तुलाला दोन हात." "२५ ची काडतुसे कोण देणार?" "आग्र्याचे काय?" "सफारी दोन इंच." कानपूरच्या रकान्याभोवती दोनदा गोल काढलेला आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रिव्हॉल्व्हर विकत घेतल्याची नोंद परवान्यावर आहे.

काका अतिशय अबोल गृहस्थ होते. पेढीची रोकड घेऊन त्यांना आठवड्यातून एकदोनदा झाशीला, आणि क्वचित आग्र्यालाही, जावे लागे. त्यांच्याजवळ शस्त्र आहे हे त्यांच्या स्वतःच्या मुलाला दोन वर्षे ठाऊक नव्हते. ज्या माणसाला कोणाच्याही नजरेस पडायचे नव्हते, त्याने तिघांपैकी सर्वांत जाड वस्तू का निवडावी, हे मला उमगत नाही. चपटे पिस्तूल किंवा तळहाताएवढे २५ बोअरचे सोडून काडतुसांच्या चक्रीचा फुगवटा असलेले रिव्हॉल्व्हर कमरेला बांधण्यात कोणते शहाणपण होते? त्या काळी परवाना बाळगलेल्या किंवा या व्यवहाराशी संबंध आलेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

गल्ल्यामागचा माणूस

पुतणेराव, मी १९८८ पासून अठरा वर्षे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका बंदुकीच्या दुकानात हिशेब आणि विक्री सांभाळत होतो. असे रकाने आखून आलेली माणसे मी पाहिली आहेत, पण ती थोडी होती. बहुतेक जण दुनाळी बंदूक घ्यायला येत, आणि ती खांद्यावर कशी दिसेल हे आमच्या आरशात पाहून जात. आपल्या भागात बंदूक ही दाखवायची वस्तू होती. वरातीत, मोटारीत, पंचायतीच्या ओट्यावर ती दिसलीच पाहिजे, असा रिवाज होता. लपवायचे शस्त्र मागणारा गिऱ्हाईक बहुधा रोकड वाहणारा असे, नाहीतर ज्याच्या घरातील कोणाची "पकड" झालेली असे असा. बाहेरच्यांसाठी सांगतो की खंडणीसाठी माणूस उचलून नेण्याला चंबळेत हाच शब्द आहे. १९७२ ला जौऱ्याला आणि १९८३ ला भिंडला डाकूंची मोठी आत्मसमर्पणे झाली, तरी तो शब्द काही वापरातून गेला नाही.

आता तुमच्या काकांपुढे तीनच रकाने का होते, ते आधी पाहू. त्या काळच्या नियमांप्रमाणे ९ मिलिमीटरचे पिस्तूल आणि ३८ किंवा ४५५ बोअरचे रिव्हॉल्व्हर हे "प्रतिबंधित बोअर" होते आणि सामान्य नागरिकाला जिल्हाधिकाऱ्यांकडून त्यांचा परवाना मिळत नसे. उरले ते मुख्यतः ३२, २५ आणि २२. त्यातच १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद झाली. परदेशी माल जो देशात आधी येऊन पडला होता तोच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत राहिला, आणि दरवर्षी त्याचा भाव चढत गेला. वॉल्थर किंवा कोल्ट म्हटले की लोक ठेवणीतले दागिने मोडायच्या गोष्टी करत. वस्तू चांगली होती यात वाद नाही, परंतु त्या किमतीचा बराचसा भाग नळीवर कोरलेल्या नावाचा होता असे माझे तेव्हाही मत होते. १९९० च्या दशकात कानपूरच्या आयुध निर्माणीचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मिळू लागले आणि मध्यमवर्गीय माणसाला प्रथमच नवीकोरी वस्तू सरकारी किमतीत घेता येऊ लागली.

२५ बोअरचा रकाना तुमच्या काकांनी एका वाक्यात निकालात काढला आणि तो बरोबर काढला. ते पिस्तूल बंडीच्या आतल्या खिशात विरघळून जाते, परंतु त्याची काडतुसे परदेशी असत, ती कधी मिळत, कधी वर्षभर मिळत नसत, आणि मिळाली तर एकेक मोजून घ्यावी लागत. शिवाय त्याची गोळी जेमतेम सव्वातीन ग्रॅमची असते. आमच्याकडे अशी दोन पिस्तुले वर्षानुवर्षे काचेच्या कपाटात पडून होती आणि त्यांच्याकडे पाहून सगळेच हळहळत, घेत मात्र कोणी नसे.

वेब्ली-स्कॉटचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. बर्मिंगहॅमचे हे १९०८ चे मॉडेल १९११ साली लंडनच्या पोलिसांनी स्वीकारले होते, यावरून त्याची योग्यता कळावी. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या पेटीत, आठ काडतुसे, साडेतीन इंचांची नळी, वजन साडेपाचशे ग्रॅमच्या थोडे वर. कानपूरचे रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास, नळी तीन इंच, काडतुसे सहा. म्हणजे वजनातला फरक दीडशे ग्रॅमसुद्धा नाही, जो काही फरक जाणवतो तो चक्रीच्या जाडीचा आहे. पण १९९८ साली बाजारात असलेले वेब्ली हे जवळपास साठ वर्षांचे म्हातारे होते. त्याच्या मॅगझिनची स्प्रिंग किती मालकांनी किती वर्षे दाबून ठेवली होती, हे कोण सांगणार? मॅगझिनचे ओठ अर्धा मिलिमीटर जरी वाकले असले तरी काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी तिरके अडकते, आणि दुसरे मॅगझिन मागायचे कोणाकडे? आम्ही गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगत असू, कारण अडकलेले पिस्तूल घेऊन तो परत आमच्याच दारात येणार हे ठरलेले होते.

"पिस्तुलाला दोन हात" हे वाक्य माझ्या मते येथेच उलगडते. जुन्या पद्धतीचे पिस्तूल कमरेला लावणारा शहाणा माणूस नळीच्या मागच्या टोकातील घरात, म्हणजे चेंबरमध्ये, काडतूस चढवून फिरत नसे. मॅगझिन भरलेले आणि चेंबर रिकामे, अशी ठेवण असे. वेळ आली की एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडायची, मगच ते चालवण्याजोगे होते. काडतूस फुसके निघाले तरी पुन्हा दुसरा हात लागतोच. रिव्हॉल्व्हरमध्ये फुसके काडतूस निघाले तर चाप पुन्हा ओढायचा, चक्री फिरून पुढचे घर समोर येते. दहा वर्षे कपाटात ठेवलेली काडतुसे वापरणारी माणसे आपल्याकडे होती, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नव्हता. रोखपालाच्या एका हातात थैली असते. ती टाकून स्लाइड ओढायची, तर मग शस्त्र घेतले कशासाठी?

काडतुसांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल या दोघांनाही लोक "बत्तीस" म्हणतात, पण काडतुसे निरनिराळी. रिव्हॉल्व्हरचे लांब, बुडाला कडा असलेले, गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, पिस्तुलाचे आखूड, कडा जवळजवळ नसलेले, गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास. "बत्तीसची पंचवीस द्या" एवढेच म्हणणाऱ्याकडून मी आधी परवान्याचे पुस्तक मागून शस्त्राचे पान उघडत असे. तरीही एकदा घाईत, लग्नसराईच्या दिवसांत, मी चुकीचा डबा दिला होता आणि तो भला माणूस दुसऱ्या दिवशी शहराच्याच मुरार भागातून सायकलीवर येऊन तो बदलून घेऊन गेला. मला तो काही बोलला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या बुडावर "केएफ" अशी इंग्रजी अक्षरे असत, ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. ग्वाल्हेरच्या मराठी गिऱ्हाइकाला ती अक्षरे वाचून माहेरचे माणूस भेटल्यासारखे होई, हे मी स्वतः पाहिले आहे.

मुरारकर आजोबा

वरील उत्तर नेमके आहे, परंतु ते गल्ल्याच्या आतील बाजूने दिलेले आहे. मी बाहेरच्या बाजूचा. सरकारी कोषागारात नोकरी, १९८९ पासून परवाना, आणि तब्बल चौदा वर्षे हेच शस्त्र अंगावर वागवलेले. दुकानात सगळी शस्त्रे लपणारी वाटतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर पारा गेल्यावर आणि अंगावर टेरिकॉटचा एकच शर्ट असताना त्यातील कोणते लपते, हा खरा प्रश्न आहे.

तुमच्या "सफारी दोन इंच" या वाक्यावर मी मनापासून हसलो, कारण हा हिशेब मीही केलेला आहे. सफारीचा सदरा बाहेर सोडलेला असतो, म्हणून कमरेचे शस्त्र झाकायला तो उत्तम, पण शिंपी तो नेहमीच्या मापाने शिवतो. बसमध्ये उभे राहून वरची दांडी धरली की हात वर जातो, त्याबरोबर सदऱ्याचा घेर दोन इंच वर उचलला जातो आणि होल्स्टरचे, म्हणजे शस्त्राच्या चामडी म्यानाचे, टोक बाहेर डोकावते. मागे उभ्या असलेल्या माणसाला ते दिसते, तुम्हाला नाही. म्हणून सदरा दोन इंच लांब शिवायचा, बाजूच्या चिरा शिवून बंद करायच्या, आणि शिंप्याला कारण सांगायचे नाही. माझ्या शिंप्याने "साहेब, आता अशी फॅशन नाही" असे म्हणून दोनदा समजूत घालण्याचा प्रयत्न केला होता. रंगही पाहावा लागतो. पांढऱ्या किंवा फिक्या कापडातून काळ्या चामड्याची सावली दिसते, बारीक चौकडीत दिसत नाही.

जाडीचा तुमचा मुद्दा कागदावर खरा आहे, अंगावर तितकासा नाही. उघडे गुपित असे आहे की चक्रीचा फुगवटा कमरेच्या पट्ट्याच्या जवळ, शरीराच्या पोकळीत बसतो आणि सदऱ्याखाली पाकिटाने किंवा चष्म्याच्या डबीने येईल तसाच गोलसर उंचवटा दिसतो. खरा चुगलखोर असतो तो मुठीचा खालचा कोपरा. माणूस वाकला की मूठ मागे फिरते आणि कापडाला टोक येते. पिस्तुलाची मूठ चपटी खरी, पण तिला चौकोनी कोपरा असतो, रिव्हॉल्व्हरची मूठ गोलाकार असते. स्कूटरवर पुढे झुकून बसल्यावर हा फरक मागच्या माणसाला स्पष्ट दिसतो. माझ्या एका सहकाऱ्याजवळ पिस्तूल होते आणि आम्ही त्याला "खिशात पाटी घेऊन फिरतोस का" असे विचारत असू.

बसणे हीसुद्धा मोठी अडचण होती. पेढीवर गादी-तक्क्याची बैठक असेल तर उजव्या कमरेचे शस्त्र मांडीत रुतते आणि उठताना मूठ लोडाला अडकते. मी काही महिन्यांनी ते पोटाच्या डाव्या बाजूला, मूठ उजवीकडे करून लावू लागलो. बसले असताना हात सहज पोहोचे, बसच्या बाकावर शेजाऱ्याचे कोपर त्याला लागत नसे, आणि डाव्या हातात थैली असली तरी उजवा मोकळा राही. तुमचे काकाही झाशीच्या बसमध्ये थैली डाव्या हाताशी, खिडकीच्या बाजूला, धरून असेच बसत असतील असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते.

घामाविषयी तुमच्या काकांनी लिहिलेले नाही, पण त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात ते कळले असेल. घामातील मीठ चामड्यात मुरते आणि चामडे ते लोखंडाला परत देते. शस्त्र रात्री होल्स्टरमध्येच ठेवले तर आठ दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. मी घरी आल्याबरोबर काडतुसे काढून ठेवी, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसे, रंगून ऑईलचे एक बोट फिरवी आणि होल्स्टर वेगळे, वाऱ्यावर टांगून ठेवी. पट्ट्यावर काडतुसांसाठी चामड्याच्या कड्या असलेला एक झोकदार कमरपट्टा मी हौसेने घेतला होता. पावसाळ्यानंतर पाहिले तर पितळेवर हिरवे किटण चढले होते आणि दोन काडतुसे चामड्यातून निघेचनात. तो पट्टा मी त्या दिवसापासून नुसती पँट सांभाळायला वापरला. या सगळ्यात रिव्हॉल्व्हरचा फायदा असा की ते बिजागरीवर मोडून उघडते, सहाही घरे एका नजरेत दिसतात, ते भरलेले आहे की रिकामे याबद्दल शंका उरत नाही. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी आत एखादे काडतूस राहून गेलेले असू शकते, आणि घराघरातील अपघात बहुधा त्या एकाच काडतुसाने होतात.

कमलसिंह बागेजवळची

आजोबांनी घरी आल्यावरचे जे सांगितले त्याला मी घरच्या बाजूने दोन शब्द जोडते. माझे यजमान सराफीत होते आणि त्यांच्याजवळही हेच कानपूरचे रिव्हॉल्व्हर होते. बाहेर कोणाला दिसू नये यावर ते जितका विचार करत, त्याच्या निम्मासुद्धा विचार घरात ते कुठे ठेवायचे यावर सुरुवातीला झाला नव्हता. फ्रिजवर, गादीखाली, देवघराच्या वरच्या फळीवर, असे त्याचे मुक्काम झाले. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर मी लोखंडी कपाटाची आतील तिजोरी रिकामी करून दिली आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायला लावली. तेव्हा ते म्हणाले की मग वेळेवर उपयोग काय. मी म्हटले की वेळ तुमच्यावर रस्त्यात येणार आहे, माजघरात नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या फाइलमध्ये नक्की असेल, ती म्हणजे जमा केल्याच्या पावत्या. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात किंवा दुकानात जमा करावे लागे. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभा होती आणि १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोकसभा. म्हणजे तुमच्या काकांचे नवे रिव्हॉल्व्हर घेतल्यापासून सव्वा वर्षात दोनदा जमा झाले असणार. रोकड मात्र त्या दिवसांतही झाशीला जातच होती. आमचे हे अशा वेळी रिकामे होल्स्टर लावून जात, कारण त्यांच्या चालण्याला त्या वजनाची सवय झाली होती आणि ते नसले की आपण वेगळे चालतो असे त्यांना वाटे. मला ते हास्यास्पद वाटे, पण मी बोलले नाही.

तारीख पे तारीख

मी वकील आहे, त्यामुळे फक्त "आग्र्याचे काय?" एवढ्यापुरते लिहितो. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे लिहिलेले असते. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेला परवाना बहुधा जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असे, संपूर्ण देशासाठी वेगळी मंजुरी लागे. आता नकाशा पाहा. ग्वाल्हेरहून आग्रा सुमारे १२० किलोमीटर, पण मुरैना ओलांडून चंबळेचा पूल पार केला की धौलपूर, म्हणजे राजस्थान, आणि पुढे आग्रा, म्हणजे उत्तर प्रदेश. अडीच-तीन तासांच्या प्रवासात तीन राज्ये लागतात. मध्य प्रदेशापुरता परवाना असलेला माणूस पुलाच्या अलीकडे कायदेशीर परवानाधारक असतो आणि पलीकडे शस्त्र कायद्याखालचा आरोपी होऊ शकतो. झाशीसुद्धा उत्तर प्रदेशातच आहे, हे ग्वाल्हेरकर सोयीस्करपणे विसरतात. त्यामुळे तुमच्या काकांचा प्रश्न शस्त्राच्या निवडीचा नसून क्षेत्रवाढीच्या अर्जाचा असावा, आणि फाइलमध्ये तो अर्ज सापडायला हवा.

अंगावर लपवून बाळगण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना नव्हता व नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवान्यातच बाळगणे आणि वागवणे दोन्ही येते. उलट २०१६ च्या नियमांनी तर सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारखे लहान शस्त्र होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलेच असावे असे सांगितले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने वरातीतल्या गोळीबाराला शिक्षा ठरवली. म्हणजे तुमचे काका जे स्वभावाने करत होते ते पुढे नियमात आले. शस्त्र वापरण्याचा प्रश्न अर्थात निराळा. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देत, पण तो हक्क प्रतिकाराच्या गरजेपुरताच होता, आणि रोकड घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणारा मनुष्य न्यायालयात फार अडचणीत येई.

लष्करचा पुतण्या

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी सर्व उत्तरे काकूंना मोठ्याने वाचून दाखवली आणि फाइल पुन्हा उघडली.

वकीलसाहेबांचा अंदाज खरा ठरला. क्षेत्रवाढीचा अर्ज आहे, त्याला जोडून पेढीच्या मालकांचे पत्र आहे, आणि परवान्यावर संपूर्ण देशाची नोंद १९९९ च्या मार्चमध्ये झालेली आहे. त्याआधीचे सात महिने काका आग्र्याला आणि झाशीला शस्त्राशिवायच जात असत, असे काकूंनी सांगितले. ताईंनी सांगितलेल्या दोन्ही पावत्याही आहेत. म्हणजे हिशेब केला तर पहिल्या सव्वा वर्षात ज्या प्रवासासाठी ते रिव्हॉल्व्हर घेतले त्या प्रवासात ते फारच थोड्या वेळा त्यांच्याबरोबर होते.

मुरारकर आजोबांच्या चित्रात मात्र एक बदल करावा लागेल. काका डावखुरे होते. आजोबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना लहानपणी उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला लावले, त्यामुळे बाहेरच्यांना ते कधी कळले नाही, पण दगड मारणे, कुलूप उघडणे, नोटा मोजणे हे सारे डाव्या हाताने. थैली नेहमी उजव्या हातात. फाइलबरोबर मिळालेले चामड्याचे होल्स्टर उलटे शिवले गेले आहे अशी माझी इतके दिवस समजूत होती.

गल्ल्यामागचा माणूस

पुतणेराव, मग "दोन हात" या शब्दांना आणखी एक अर्थ आहे आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. त्या काळच्या बहुतेक पिस्तुलांची सेफ्टीची कळ डाव्या अंगाला असे, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. डाव्या हाताने मूठ धरणाऱ्याचा अंगठा दुसऱ्या बाजूला येतो, आणि कळ खाली करायला त्याला पुन्हा उजवा हातच लागतो. स्लाइडसाठी एकदा आणि कळीसाठी एकदा. रिव्हॉल्व्हर उघडण्याचा खटकासुद्धा उजव्या अंगठ्यासाठीच असतो, पण तो काडतुसे भरताना लागतो, आणि भरायचे काम माणूस घरी बसून निवांत करतो. ते वेब्ली त्यांनी दुकानात हातात घेऊन पाहिले असणार. नुसते पुस्तक पाहून हे कळत नाही.

मुरारकर आजोबा

माझे चित्र मी आनंदाने उलटे करून घेतो. तेव्हा होल्स्टर पोटाच्या उजव्या बाजूला, मूठ डावीकडे. बसमध्ये ते डाव्या हाताच्या बाकांवर बसत की उजव्या हाताच्या, हे काकूंना आठवते का? आणि तो सफारी अजून असेल तर एकदा मोजून पाहा.

लष्करचा पुतण्या

बसचे काकूंना ठाऊक नाही, त्या काकांबरोबर झाशीला एकदाच, लग्नाला, गेल्या होत्या. सफारी मात्र आहे. राखाडी, बारीक चौकडीचा, बाजूच्या दोन्ही चिरा शिवून बंद केलेला. काकूंनी आज सकाळी तो ट्रंकेतून काढून टेपने मोजला, शेजारी काकांचा दुसरा सफारी ठेवून. तो पावणेदोन इंचांनी लांब निघाला. पाव इंच धुण्यात आटला असणार असे त्यांचे म्हणणे आहे.